तीन नंबरची वॉशर

"कशाला उघडतोयस? चालतेय ना गाडी?" सिर्का म्हणाली.

राइमो स्टीअरिंगमागे बसून इंजिन तापायची वाट बघत होता. थंड इंजिनातून इंधन फवारणारे इंजेक्टर निघत नाहीत. भोवती साचलेलं काजळीचं डांबर आधी मऊ व्हावं लागतं. गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. बॉनेटखालून फुस-फुस आवाज येत होता, आणि हीटरच्या गरम हवेबरोबर धुराचा वास गाडीत भरत होता.

"मारिकाला शब्द दिलाय," तो म्हणाला.

"लेकीचं ऐकतोस. बायकोचं कधी ऐकलंस?"

"जन्मभर दुसरं केलं काय?"

सिर्का हसली. "काच वर कर. गार वाटतंय."

त्याने काच वर केली. घरात ती अलीकडे चकार शब्द बोलत नसे. गाडीत बसलं, इंजिन तापलं की मात्र तोंडाचा पट्टा सुरू. शेजाऱ्याचं वाकडं कुंपण, राइमोचा विटलेला स्वेटर, सगळ्यांचा उद्धार व्हायचा. म्हणून तर तो काही काम नसताना तळ्यापर्यंत चकरा मारायचा. परतताना डोकं ठणकायचं, पण तेवढं तो सोसायचा.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. सिर्काही गप्प झाली.

पहिले दोन इंजेक्टर निमूटपणे वर आले. तिसऱ्याने मात्र घाम काढला. त्याच्या भोवती कोळशासारखा काळा थर चढला होता. राइमोने तेल सोडलं, पान्याने तो डावी-उजवीकडे हलवला, शिव्या घातल्या आणि अखेर ओढून काढला. चौथा काढेपर्यंत मारिकाची गाडी अंगणात शिरली.

मारिका त्याची एकुलती एक मुलगी, कुओपिओ शहरात नर्स होती. ड्यूटीवर जाता जाता दालचिनीचे पाव घेऊन आली होती. पाव बाकावर ठेवून ती थेट इंजिनात डोकावली.

"धूर इथूनच यायचा?"

"इथूनच. बघ." राइमोने चिमट्याने तिसऱ्या भोकातून तांब्याची छोटी वॉशर बाहेर काढली. एका बाजूने ती जळून काळी पडली होती. "ही दबून बसली नाही की इंजिनातला जळका वायू वर येतो, आणि हीटर तो आत ओढतो."

"आणि तुम्ही महिनोन्‌महिने तो विषारी वायू हुंगत फिरताय! बाबा, परवा वळणावर गाडी नाल्यात घातलीत. गावातल्या पेन्टीने ट्रॅक्टरने ओढून काढली, तर म्हणे म्हातारा आत बसून खो-खो हसत होता."

"मग काय, रडायला हवं होतं?"

"चेष्टा नकोय मला. उद्या चर्चच्या आवारात थडग्यांवर मेणबत्त्या लावायचा दिवस. मला सुट्टी नाही, म्हणून हिल्लाला तुमच्याबरोबर पाठवतेय. पण जरा जरी वास आला ना, तर पोर तुमच्या गाडीत बसणार नाही. उद्या नाही आणि पुन्हा कधीच नाही."

राइमोचा चेहरा उतरला. हिल्ला त्याची सहा वर्षांची नात. आजवर एकदाही ती त्याच्या गाडीत बसली नव्हती, आणि उद्यासाठी त्याने मागची सीट पुसून ठेवली होती. मेणबत्त्यांचा खोकाही कालच आणला होता.

"वास येणार नाही," तो म्हणाला.

"आणि ती जुनी फेकून द्या."

"देतो."

ती गेल्यावर त्याने वॉशर कॉफीच्या डब्यात टाकली. आमच्याकडच्या एखाद्या म्हाताऱ्याने तांब्याचा तुकडा फेकून दिल्याचं मी तरी कधी पाहिलेलं नाही.

मग त्याने मन लावून काम केलं. इंजेक्टरच्या चारही बैठका घासून लख्ख केल्या, नव्या वॉशर घातल्या, नवे बोल्ट मोजून आवळले. गाडी सुरू झाली. फुस-फुस नाही, वास नाही. संध्याकाळी मारिका ड्यूटीवरून घरी आल्यावर त्याने तिला फोन लावला.

"झालं. सकाळी येतो."

"नक्की ना, बाबा?"

"शप्पथ."

"मी पुढे बसणार!" मागून हिल्ला ओरडली. राइमोच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो तळ्यापर्यंत चक्कर मारायला निघाला. इंजिन छान तापलं. सिर्का काही बोलली नाही.

"रुसलीस?" त्याने विचारलं.

उत्तर नाही.

"अगं, पोरीसाठी केलं."

तळं आलं, मागे पडलं. त्याचं डोकं कित्येक महिन्यांनी इतकं हलकं होतं, आणि ते त्याला सहन होईना. त्याने शेजाऱ्याच्या कुंपणाला शिव्या दिल्या. स्वेटरवरून स्वतःचीच टर उडवली. बाजूने एक हुंकारसुद्धा आला नाही.

घरी येऊन त्याने गाडी गॅरेजमध्ये लावली. मग कॉफीचा डबा बाकावर उपडा केला.

आजच्यापुरतं, त्याने स्वतःला बजावलं. सकाळी परत नवी बसवायची.

तीन नंबरचा इंजेक्टर आता सहज वर आला. नवी वॉशर निघाली, जळकी आत गेली. बोल्ट त्याने हाताने बसेल तेवढाच आवळला आणि गाडी सुरू केली. हीटर पूर्ण फिरवला. थोड्या वेळाने फुस-फुस सुरू झालं, मग तो ओळखीचा वास आला, आणि कपाळात हळूहळू ठणका उठला.

"किती वेळ लावलास," सिर्का म्हणाली.

राइमो ओक्साबोक्शी रडला. तिने त्याला रडू दिलं.

"काच वर कर," मग ती म्हणाली. "आणि आता ती वॉशर काढू नकोस. उद्या हिल्लाला माझ्या मांडीवर बसव. मला पुरल्यावर जन्मलेली पोर, अजून एकदाही बघितली नाही मी."