करडाचा पट्टा

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा परंड्याजवळचा माळ, शेळ्यांच्या गळ्यात उत्कर्षदादानं बसवलेले पट्टे. शेळी कुठं आहे, ते दादाचं ॲप सांगतं. पण ओढ्यात रेंज जाते आणि ॲप तिला गोठ्यातच दाखवतं. त्याच्या धाकट्या बहिणीनं, निकितानं, ॲपवर तक्रार नोंदवली. दादानं घरीच तपासून तक्रारीवर शेरा निवडला: ‘आमच्याकडे असं घडत नाही’. तक्रार बंद. पुढं निकिताचं करडू ओढ्यात चुकलं. “गोठ्यात हाय की!” दादा मोबाईल बघून म्हणाला. तोवर लांडग्यानं ते नेलं; मागं फाटका पट्टा तेवढा उरला. आज ॲप विकत घ्यायला पुण्याचे साहेब आले. निकितानं गुपचूप कळप ओढ्यात उतरवला. दादा धापा टाकत आला. “निके, साहेब रिकाम्या गोठ्यात उभे हायत! ॲप म्हणतंय, शेळ्या तिथंच!” निकितानं करडाचा फाटका पट्टा त्याच्या हातावर ठेवला. “आमच्याकडं असं घडत न्हाय, दादा,” म्हणत तिनं कळप आणखी खाली हाकलला.