पगारी पीएचडी

मुलाखत सुरू झाली होती, तरी क्रांतीचे कान बाहेरच होते.

स्क्रीनवर नेदरलँड्सच्या प्राध्यापक बाई होत्या. उपग्रहाच्या फोटोंवरून उसाचं उत्पन्न आधीच कसं सांगता येईल, यावर काम करायचं. चार वर्षं पगारी पीएचडी. वर्षभर शोधून, नकार पचवून, मुलाखतीपर्यंत आलेली ही पहिलीच जागा. आपल्याला दीड वर्षाचा मुलगा आहे, हे मात्र तिनं अर्जात कुठंच लिहिलं नव्हतं. लेकुरवाळ्या बाईला कोण घेतंय?

म्हणून साईराजला सासऱ्यांकडं देऊन तिनं दार लावून घेतलं होतं. नाथाजी आबा फौजेतनं रिटायर झालेले. शिकायचं आपण आणि पगार विद्यापीठानं द्यायचा, हे भावकीत कुणाला पटत नव्हतं. आबांना लगेच पटलं. ट्रेनिंगला पगार असतोच, म्हणाले.

खिडकीच्या काचेतून तिला दोघं दिसत होते. कारखान्याकडं निघालेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यात अडकून उभे होते. पहिल्या ट्रॅक्टरवर गाणं दणाणत होतं आणि साईराज आजोबांच्या कडेवर ते ऐकत गप होता. आबांना वाटलं, आवाजानं सुनेची अडचण होतीय.

"धनाजी, बंद कर रं ते. आमच्या सुनंची भरती चाललीया."

ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. साईराजनं भोकाड पसरलं.

बाई बोलता बोलता थांबल्या. मूल रडतंय का, त्यांनी विचारलं. शेजारचं आहे, हे क्रांतीच्या अगदी ओठावर आलं. बाहेर "आई, आई" चाललं होतं.

"माझा मुलगा आहे," ती म्हणाली. आणि न विचारताच उठून तिनं खिडकी उघडली.

"आवं आबा, गाणं लावाय सांगा."

"आगं, पर तुझी परीक्षा..."

"लावू द्या त्येला."

गाणं लागलं. साईराज हुंदका अर्धाच टाकून ट्रॅक्टरकडं बघाय लागला.

क्रांती परत बसली. नोकरी गेली, असं धरूनच बसली, त्यामुळं जीभ मोकळी झाली. लॅपटॉप खिडकीकडं फिरवून तिनं बाईंना ट्रॉल्या दाखवल्या. फोटोत जे शेत हिरवं दिसतं, ते यातल्या एखाद्या ट्रॉलीवर चढलेलंही असेल. तोडणीची तारीख धरली नाही तर हिशेब चुकतो, म्हणाली. बाईंनी त्यावर बरंच विचारलं. शेवटी, शुक्रवारी कळवू म्हणाल्या. क्रांतीचा हात लॅपटॉप मिटायला गेला.

"आणि निवड झाली, तर व्हिसाच्या पत्रात दोघांची नावं घालावी लागतील. मुलाचं पूर्ण नाव काय?"

क्रांतीनं सांगितलं. गाण्यात बाईंना ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, इतक्या मोठ्यानं की रस्त्यावर आबांच्या कडेवरून साईराजनं वळून खिडकीकडं बघितलं.