परदेशयोग

तन्मयच्या पाठीवरचा तीळ महिन्याभरात दुप्पट झाला, तेव्हा आईने पेढे आणले. पाठीवरचा तीळ वाढला की परदेशयोग, असं तिची आत्या सांगायची.

शरीरसौष्ठव स्पर्धेत अंगावर रंग दिसावा म्हणून तन्मय दोन वर्षं जिमच्या, अतिनील किरणांनी कातडी रापवणाऱ्या टॅनिंग मशीनमध्ये झोपत होता. पोरं त्याला ‘टॅन्मय’ म्हणत. तीळ बघून कोचनेच त्याला डॉक्टरकडे धाडलं.

“मशीन आजपासून बंद,” तीळ काढून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “एकविसाव्या वर्षी कॅन्सरची शंका येतेय. तुकडा तपासायला सिंगापूरला पाठवते.”

तन्मय दर दहा मिनिटांनी फोनवर कुरियरचा ठावठिकाणा बघत राहिला.

“आई, तीळ सिंगापूरला उतरला.”

पेढ्यांचा पुडा तसाच पडला होता. आई म्हणाली, “रिकाम्या हातानेच परत ये म्हणावं त्याला.”