कालिंदीकाकूंच्या हंड्यातलं पाणी

"अरे थांब! हंड्याला शिवू नकोस!"

कालिंदीकाकू ओरडल्या, तोवर ढुंढिराजने झाकण उचललंही होतं. वाफेचा लोट वर आला. त्याने सरळ पाण्यात बोटं घातली. चांगलीच पोळली. ती झटकत तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

काशीत पटकीची साथ पसरली होती; तिथले लोक तिला हैजा म्हणत. मणिकर्णिकेवर प्रेतांना जागा मिळत नव्हती. खाणावळींनी पिण्याचं पाणी उकळूनच द्यावं, असा म्युनिसिपालिटीचा हुकूम होता, आणि तो पाळला जातो का हे बघणं ढुंढिराजचं काम. लोक त्याला 'हैजेवाले पंडितजी' म्हणून चिडवत. कुणी दाराशी वाफाळतं पातेलं मांडी आणि आतून कच्चंच पाणी वाढी. त्यामुळे नुसत्या वाफेवर त्याचा विश्वास उरला नव्हता.

मंगला गौरीजवळची ही खाणावळ मात्र त्याच्या जिव्हाळ्याची. त्याची आई गेली तेव्हा याच काकूंनी त्याला भरवलं होतं. पण त्यांनाच समजावणं सगळ्यांत जड गेलं.

"गंगामाईला चुलीवर चढवू? त्यापेक्षा माझी खाणावळच बंद कर," म्हणून त्या कालच रडल्या होत्या.

"काकू, अमृतराव घाटावर कीर्तनात बुवा काय म्हणाले? दारी आलेला यात्रेकरू म्हणजे साक्षात विश्वेश्वर. मग देवाला दूध तापवून देता, पाणीच तेवढं कच्चं का?"

काकूंनी पदराने डोळे पुसले. "कीर्तनकारच व्हायचंस मेल्या, साहेब कशाला झालास?" असं म्हणाल्या, आणि आज हात जोडून त्यांनी खरोखरच हंडा चुलीवर चढवला.

आता मात्र ढुंढिराज हसला तरी त्या हसल्या नाहीत. सोवळं सावरत त्याच्या बोटांकडे बघत राहिल्या.

"दवाखान्यातून आलास?"

"थेट. पण हात धुऊन आलोय, काकू."

काकूंनी हंड्याकडे पाहिलं. आपण खात्री करून घेतली याचंच त्यांना वाईट वाटलं, असं त्याला वाटलं.

"रागावू नका. सगळे फसवतात हो," म्हणत तो ओसरीवर आला.

वऱ्हाडातले यात्रेकरू पानांवर ताटकळले होते. बाहेरून 'राम नाम सत्य है' ऐकू आलं, तशी एका म्हातारीने नातीला जवळ ओढलं. "इथलं पाणी बिनघोर प्या, आजी," ढुंढिराज म्हणाला. "मी स्वतः पाहिलंय."

बऱ्याच वेळाने आतून तांबे आले. म्हातारीने आधी नातीला पाजलं, मग स्वतः प्याली. "हर हर गंगे," म्हणाली.

ढुंढिराजचाही घसा कोरडा पडला होता. त्याच्या बायकोला, लीलेला, दिवस गेले होते. बाहेर कुठं पाणी पिणार नाही, अशी शपथ तिने घातली होती.

"काकू, मलाही द्या. साऱ्या काशीत तुमच्याच घरचं पिणार."

काकूंनी मायेने फुलपात्र भरून दिलं. त्याने ते घटाघटा संपवलं. दुसरं तोंडाला लावलं आणि अर्ध्यावरच थांबला.

"काकू... पाणी इतकं गार कसं?"

काकूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुझा हात लागला होता ना रे. पंगत खोळंबलेली, एवढं पाणी पुन्हा कधी तापायचं? हंडा ओतून टाकला आणि घाटावरचं ताजं गंगाजल भरलं. आता अगदी शुद्ध आहे, बाळा. पी."