पाच भोकांचं बटण

"'बटण' हा शब्द काढून टाका, मावशी," जाहिरातवाली म्हणाली.

बटणवालीने चष्मा कपाळावर सरकवला. "बटणांच्या दुकानातून बटणच काढू? मग विकू काय, भोकं?"

"नुसतं 'बटण' काढा म्हणते. ते शोधणारे निम्मे लोक चित्रं बघायला येतात आणि त्यांच्या प्रत्येक टिचकीला पैसे आपले जातात. त्यापेक्षा 'रेनकोटचं धातूचं टिचबटण, निळं, लगेच हवं' असं जो लिहितो, त्याच्यासाठी जाहिरात लावायची. त्याला बघायचं नसतं, घ्यायचं असतं."

"म्हणजे 'बघते हं' म्हणणारं गिऱ्हाईक वेगळं, आणि कापडाचा तुकडा मुठीत धरून आलेलं वेगळं."

"अगदी तेच."

दुकान अरुंद होतं. दोन्ही भिंतींना छतापर्यंत खण, प्रत्येक खणाच्या तोंडाशी नमुन्याचं एक बटण शिवलेलं. मागच्या भिंतीवर बटणवालीच्या मुलीचा फोटो होता. जाहिरातवाली नेहमी स्टूल फिरवून त्या फोटोकडे पाठ करून बसायची. लॅपटॉपच्या पडद्यावर उजेड पडतो, म्हणायची.

उन्हाळ्यात ती आपणहून आली होती. दुकान इंटरनेटवर चढवून देते, पैशांचं नंतर बघू, असं म्हणाली. त्याच आठवड्यात बटणवालीने दर्शनी काचेत एक शिंगाचं बटण मांडलं होतं. मधाच्या रंगाचं, पाच भोकांचं, हाताने पाडलेलं. पाचांतलं एक भोक किंचित कडेला सरकलेलं.

"हे काचेत नको," जाहिरातवाली पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "उन्हाने रंग उडेल. आपण इंटरनेटवर लावू."

मग बटणवालीने तिला सगळं सांगितलं. मुलगी ऑफिसच्या मागच्या जिन्यावरून पडून गेली. सापडली तेव्हा तिची मूठ मिटलेली होती आणि मुठीत हे बटण होतं, तुटलेल्या दोऱ्यासकट. चौकशीला आलेल्यांनी ते आईच्या हातावर ठेवलं. बटणवालीची पोर, तिच्या हातात बटणच असणार, म्हणाले. पाय घसरला, असं लिहून मोकळे झाले.

"माझ्या दुकानात असलं बटण कधीच नव्हतं," बटणवाली म्हणाली होती. "गरम सुई टेकवून बघितली. केस जळल्यासारखा वास आला. अस्सल शिंग. असल्या कोटाचं एक बटण गेलं म्हणून कोट कोणी टाकून देत नाही. आज ना उद्या तो माणूस जोडीचं बटण शोधणारच."

जाहिरातवालीने तेव्हा मान वर न करता लॅपटॉप पुढे ओढला होता. मग चार नेमके शब्द टाइप करून म्हणाली होती, "लावलं, मावशी."

आता थंडी पडली होती.

"कोट बाहेर निघाले असतील," बटणवाली म्हणाली. बोलता बोलता ती सुईत दोरा ओवत होती. मधाच्या रंगाचा. "अजून कोणी शोधलं नाही का गं?"

"नाही ना. इतकं नेमकं कोण शोधणार?"

"नेमकं शोधणाराच घेतो, असं तूच म्हणालीस."

जाहिरातवाली हसली. चहाचा कप तिने दोन्ही हातांत धरला होता.

"तुझी एक चूक पकडली बरं का मी," बटणवाली म्हणाली. "ते नको असलेल्या शब्दांचं खोकं आहे ना? ज्या शब्दांना आपली जाहिरात दिसायलाच नको, ते?"

"हो. 'फुकट', 'चित्र', 'घरी कसं बनवायचं'."

"सकाळी सहज उघडून बघितलं. माझ्या बटणाचे चारही शब्द त्यात. म्हटलं, एवढी हुशार पोर, पण हात घसरला बिचारीचा. मीच काढले. जमलं की नाही म्हातारीला?"

कप बशीवर टेकताना वाजला.

"जमलं की. चुकूनच पडले असतील." जाहिरातवाली उठली. "निघते मावशी. बाकीचं उद्या बघू."

"चहा तरी संपव."

"नको, उशीर झालाय."

"मीही दुकान बंदच करतेय. एक वस्तू पोचवायची आहे." बटणवालीने सुई रिळात खोचली आणि रीळ पिशवीत टाकलं. "तू राहतेस कुठे गं? इतके महिने येतेस, विचारायचंच राहिलं."

"इथेच. जवळच."

जाहिरातवाली रस्त्यात कुठे थांबली नाही. जिना एका दमात चढली.

दार उघडंच होतं. बैठकीच्या खोलीत वडील फोन हातात धरून उभे होते, परीक्षेत पास झालेल्या मुलासारखे.

"मिळालं बघ! तू एवढी शोधाशोधीतली बाई, आणि मला सांगतेस, असलं बटण आता निघतच नाही म्हणून. रोज बघत होतो. आज सकाळी बरोब्बर सगळ्यात वर!"

कोट खुर्चीच्या पाठीवर होता. त्यांनी ऑफिस सोडलं तेव्हापासून कपाटात पडलेला. चार बटणं, मधाच्या रंगाची. पाचव्याच्या जागी दोऱ्याचं नुसतं टोक.

"बाबा," ती म्हणाली, "पत्ता दिलात?"

"न देऊन कसं चालेल? बाईंचा फोनसुद्धा आला. फार भल्या वाटल्या. टपालाने कशाला पाठवू, म्हणाल्या, मीच येते. कोट तेवढा काढून ठेवा, तुमच्यासमोर बसून शिवून देते."