मूठ

पलंगावर लाल चादर, तिच्यावर वस्तू मांडलेल्या. पुस्तक, कुंचला, मोजमापाची पट्टी आणि सगळ्यांच्या पुढे कचेरीतल्या नोकरीचा लाकडी शिक्का. आज वर्षाची झालेली निंगनिंग यातलं जे उचलेल, तेच तिचं पुढचं आयुष्य. म्हाताऱ्या छूनं शिक्का नातीच्या गुडघ्याला टेकेल इतका जवळ ठेवला होता. कौल लावायचा आणि उत्तरही आपणच ठरवायचं, असला कारभार.

निंगनिंग शिक्का तुडवून पुढे रांगली. कोपऱ्यात एक जुनं लोखंडी उलथणं होतं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, पलंगाच्या कठड्यावर आपटलं आणि खिदळली.

"हे कुणी ठेवलं इथं?" म्हातारा म्हणाला.

"मी, व्याही." पोरीच्या आईचे वडील, फांग आचारी, भिंतीला टेकून उभे होते. "एक वस्तू आजोळची असते ना."

"माझी नात कढईपुढं घाम गाळायला जन्मली नाही."

"तुमचा मुलगा येतो की माझ्या कढईपुढं दर रविवारी घाम गाळायला. फुकट. हाकललं तरी जात नाही."

निंगनिंगचा बाप शौहंग खाली बघत राहिला. बाकीचे सहा दिवस तो कचेरीत दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारायचा.

म्हाताऱ्यानं उलथणं हिसकून कपाटावर टाकलं. मग पुस्तक उचललं, कुंचला उचलला, पट्टी उचलली. चादरीवर फक्त शिक्का राहिला. पोरगी कपाटाकडे बघून रडायला लागली.

"शौहंग, शिक्का दे तिच्या हातात आणि मूठ दाबून धर. फोटोपुरती."

"जावईबापू, सोडा हो तिला," फांग म्हणाले. "नकोय तिला ते. दिसतंय ना?"

शौहंगला दिसत होतं. बायको मोबाइल रोखून उभी होती. ती त्याच्या हाताकडे बघत होती.

त्यानं मुलीच्या मुठीवर आपली मूठ आवळली. आत चिमुकली बोटं उघडायला धडपडत होती. फोटो निघाला.

"झकास," म्हातारा म्हणाला. "मोठा करून आण. त्याच्याशेजारी लावू."

त्यानं भिंतीकडे बोट केलं. तिथं काळापांढरा फोटो होता. वर्षाचा शौहंग, हातात हाच शिक्का, तोंड वासून रडणारा. त्याच्या मुठीवर एक मोठा हात, फोटोच्या कडेला मनगटापाशी कापला गेलेला.

फांग बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "निघतो मी. माझं उलथणं द्या. संध्याकाळी गिऱ्हाईक असतं."

शौहंगनं कपाटावरून ते काढलं, बाहीनं पुसलं आणि सासऱ्यांपुढं धरलं. फांगनी दांडा पकडला, ओढला.

शौहंगच्या हातून ते सुटेना.