हडळीचा पंखा

पनवेलजवळच्या आमच्या थीम पार्कवर माझा भारी जीव, म्हणूनच दर रविवारी खांदा कॉलनीतून तिथे जाऊन मी तक्रारवही भरते. पाळणा कुरकुरतो, डायनासोरची शेपटी सुतळीने बांधलीये, भूतबंगल्यातली हडळ कधी म्हणून वेळेवर अंगावर येत नाही.

मागच्या रविवारी हडळ आली, पण किंचाळायचं सोडून मुखवटा वर करत कुजबुजली, "ताई, माजं नाव मंगळी. मॅनेजर आमचं नाय ऐकत, पण तुमी लिवलेलं वाचतो. आत लय उकडतंय, पंखा बंद हाय. तेवढं लिवा ना."

मी रागारागाने अख्खं पान लिहिलं.

या रविवारी भूतबंगल्यात शिरले, तर नव्या पंख्याखाली मंगळी गाढ झोपलेली, मुखवटा उशाशी. तेवढ्यात दाराशी मॅनेजरचा आवाज आला, "पंखा दिलाय, आता बघतोच हडळ कशी वेळेवर येत नाही ते!"

मी मुखवटा चढवला आणि किंचाळत त्याच्या अंगावर धावले. एक बूट तिथेच टाकून तो पळाला.

बाहेर येऊन मी वहीत लिहिलं, "हडळ अगदी वेळेवर आली. आता डायनासोरच्या शेपटीचं बघा."